आरोप आणि उत्तर : भारतातील आयबीएम-प्रकरणाचे (१९७३–१९७८) तुलनात्मक वाचन

१. प्रास्ताविक

इंटरनॅशनल बिझनेस मशिन्स, म्हणजे आयबीएम, या अमेरिकी कंपनीने १९७८ मध्ये भारतातील आपला व्यवहार गुंडाळला. ही घटना लोकस्मृतीत एका ठरावीक कथेच्या रूपाने शिल्लक आहे. जनता पक्षाच्या राजवटीत उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी कोका-कोला आणि आयबीएम या दोन बलाढ्य कंपन्यांना देशाबाहेर घालवले, अशी ती कथा. कोणी ती राष्ट्रीय स्वाभिमानाची कथा म्हणून सांगतो, कोणी आडमुठेपणाची आणि गमावलेल्या संधीची म्हणून. दोन्ही रूपांत नायक आणि खलनायक यांची अदलाबदल होते. कथानक तेच राहते.

घटनांचा कालानुक्रम या कथानकाला पुरेसा आधार देत नाही. ज्या परकीय चलन नियमन कायद्यावरून, म्हणजे ‘फेरा’वरून, हा संघर्ष झाला तो १९७३ मध्ये इंदिरा गांधी यांच्या काँग्रेस सरकारने केला आणि तो १ जानेवारी १९७४ पासून अमलात आला. कंपनीच्या व्यवहारावर ठपका ठेवणारा संसदेच्या लोकलेखा समितीचा अहवाल १९७५–७६ या वर्षाचा, म्हणजे आणीबाणीच्या काळातला आहे. फर्नांडिस उद्योगमंत्री झाले जुलै १९७७ मध्ये. तोवर वाटाघाटी शेवटच्या टप्प्यात आल्या होत्या. शिवाय शासनाने कंपनीला हाकलले, हेही काटेकोरपणे खरे नाही. शासनाने एक अट घातली, कंपनीने ती नाकारली आणि ती निघून गेली.

मोठ्या तंत्रज्ञान-कंपनीवर राजकीय हल्ला होतो तेव्हा तिने कसे उत्तर द्यावे, हा प्रश्न सहसा व्यवस्थापनशास्त्राच्या किंवा कायद्याच्या कक्षेत विचारला जातो. तथापि आरोप आणि उत्तर या दोन्ही मूलतः भाषिक कृती आहेत. समितीचा अहवाल, कंपनीचे निवेदन आणि मंत्र्याचे भाषण या भिन्न प्रकारच्या संहिता असून प्रत्येकीचा श्रोता वेगळा असतो. म्हणून एकाच कंपनीने वेगवेगळ्या देशांतील आरोपांना दिलेली उत्तरे शेजारी शेजारी ठेवून वाचणे हा तुलनाकाराच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो.

प्रस्तुत विवेचनाचा आधार एका भेदावर आहे. कोणत्याही राजकीय आरोपात एक ‘तक्रार’ असते आणि एक ‘मागणी’ असते. तक्रार घडलेल्या गोष्टीविषयी असते. मागणी ही आरोप करणाऱ्याच्या हाती जे साधन असेल त्यातून निघते. या दोहोंचा मेळ असतोच असे नाही. भारतातील तक्रार जुनी यंत्रे आणि त्यांचे भाडे यांविषयी होती. मागणी मात्र भागभांडवलाच्या टक्केवारीची होती. उभय पक्ष टक्केवारीवर भांडत राहिले आणि तक्रार अनुत्तरित राहिली, असे या प्रकरणाचे वाचन येथे मांडले आहे.

२. ‘कंपनी’ या शब्दाची स्मृती

भारतीय भाषांत ‘कंपनी’ हा शब्द राजकीय दृष्ट्या कधीच निष्पाप नव्हता. मराठीत ‘कंपनी सरकार’ आणि बोलीतील ‘कुंपणी सरकार’ हे प्रयोग व्यापारी संस्था आणि राज्यसत्ता यांच्या एकरूपतेची आठवण जपून आहेत. इंग्रजीत ज्या शब्दाचा पहिला अर्थ सोबत वा मंडळी असा आहे, त्याचा भारतीय भाषांतील पहिला ठसा सत्तेचा आहे. परदेशी कंपनीवरील टीका येथे ज्या वेगाने सार्वभौमत्वाच्या प्रश्नापर्यंत पोचते, त्यामागे ही शब्दस्मृती आहे.

या स्मृतीला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिशेबाची शिस्त लाभली. दादाभाई नौरोजी यांचा ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ हा ग्रंथ १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धान्त भावनेपेक्षा ताळेबंदावर उभा होता : भारतातून काय जाते, त्याच्या बदल्यात काय येते आणि लंडनमधील कोणता खर्च भारताच्या नावे मांडला जातो, हे त्याचे प्रश्न. देवघर येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील सखाराम गणेश देऊसकर यांनी हाच विचार ‘देशेर कथा’ (१९०४) या बंगाली ग्रंथातून सामान्य वाचकापर्यंत नेला. १९१० मध्ये ब्रिटिश शासनाने या ग्रंथावर बंदी घातली. मराठी घरातील लेखकाने बंगालीत लिहिलेला आणि गुजरातीभाषक पारशी विचारवंताच्या इंग्रजी मांडणीशी नाते सांगणारा हा ग्रंथ भारतीय आर्थिक राष्ट्रवादाच्या बहुभाषिकतेचा उत्तम दाखला आहे. तीन भाषांतून घडलेल्या या परंपरेने परकीय व्यापाराविषयी बोलण्याची एक रीत रूढ केली. हिशेब मागणे ही त्या रीतीची मुख्य क्रिया होय.

१९७५–७६ चा लोकलेखा समितीचा अहवाल या परंपरेचा उत्तराधिकारी म्हणून वाचता येतो. त्याची भाषा प्रशासकीय आणि कोरडी आहे. परंतु त्यातील प्रश्नांची ठेवण ओळखीची आहे : यंत्र कोणत्या किमतीला आले, भाडे कोणत्या आधारावर ठरले, मुख्यालयाच्या खर्चाचा वाटा भारतातील व्यवहारावर कसा घातला गेला आणि परकीय चलनात किती रक्कम बाहेर गेली. आयबीएमच्या अधिकाऱ्यांना हा अहवाल तत्कालीन समाजवादी वातावरणाचा परिणाम वाटला असेल तर ते समजण्यासारखे आहे. परंतु त्याची मुळे त्याहून जुनी होती.

३. तक्रारीचे अनेक आवाज

आयबीएमचा भारतातील प्रवेश १९५१ मधला. साठच्या दशकात देशातील बहुतांश संगणक याच कंपनीचे होते. रेल्वे, शासकीय खाती, मोठे उद्योग आणि शिक्षणसंस्था यांनी आधुनिक हिशेबपद्धती बऱ्याच अंशी तिच्या यंत्रांवर आत्मसात केली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६३ मध्ये आलेल्या आयबीएम १६२० या संगणकावर भारतातील अभियंत्यांची एक पिढी आज्ञावली लिहायला शिकली. कंपनीचे प्रशिक्षण आणि तत्पर देखभाल यांचा लौकिक तिच्या टीकाकारांनाही मान्य होता. ही बाजू नोंदवल्याशिवाय तक्रारीचे वजन नीट कळत नाही, कारण ज्या संस्थेवर अवलंबून राहावे लागते तिच्याविषयीच अशी तक्रार निर्माण होते.

तक्रारीचा पहिला आवाज संसदीय हिशेबनिसांचा होता. आयबीएम १४०१ हा संगणक अमेरिकेत १९५९ मध्ये जाहीर झाला. १९६४ मध्ये कंपनीने सिस्टिम/३६० ही नवी मालिका आणली आणि जुनी पिढी मागे पडली. भारतात मात्र इतरत्र वापरलेली १४०१ यंत्रे आणून, त्यांची डागडुजी करून ती भाड्याने देण्याचा व्यवहार त्यानंतरही चालू राहिला. यंत्र जुने असल्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. गरीब देशाला जुने यंत्रही उपयोगी पडते. परंतु झिजलेल्या यंत्राचे भाडे कोणत्या हिशेबाने आकारले जाते, हा प्रश्न समितीच्या दृष्टीने कळीचा होता.

दुसरा आवाज शास्त्रज्ञांचा होता. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखालील इलेक्ट्रॉनिक्स समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला आणि या क्षेत्रात स्वावलंबनाची दिशा आखली. १९७० मध्ये केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि १९७१ मध्ये एम. जी. के. मेनन यांच्या अध्यक्षतेखालील इलेक्ट्रॉनिक्स आयोग अस्तित्वात आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतःचा ‘टिफ्रॅक’ संगणक बांधला होता. हैदराबादेतील इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया संगणक बनवू लागली होती. या वर्तुळाचा आक्षेप असा की, आयबीएम येथे यंत्रे चालवण्याचे ज्ञान देते, ती घडवण्याचे देत नाही.

तिसरा आवाज कामगारांचा होता. कलकत्त्यात विमा कर्मचाऱ्यांनी साठच्या दशकात संगणक बसवण्यास प्रखर विरोध केला. नोकऱ्या जातील हे त्यांचे भय केवळ आयबीएमविषयी नव्हते. ते यंत्राविषयी होते. स्वयंचलनाच्या प्रश्नावर शासनाने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. शासकीय पातळीवर या भयाची दखल घ्यावी लागली, याची ती खूण होय.

चौथा आवाज राजकीय नेतृत्वाचा. मुंबईच्या टॅक्सी आणि महापालिका कामगारांच्या संघटनांतून वर आलेले, १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांचा पराभव करणारे आणि १९७४ च्या रेल्वे संपाचे नेतृत्व करणारे फर्नांडिस १९७७ मध्ये तुरुंगातून निवडणूक जिंकून सत्तेत आले. त्यांच्या वक्तृत्वात पहिल्या तिन्ही आवाजांचे एकत्रीकरण झाले. परंतु असे एकत्रीकरण होताना बारकावे गळतात. भाड्याचा हिशेब, ज्ञानाचे हस्तांतर आणि नोकरीचे भय या तीन वेगळ्या तक्रारी होत्या आणि त्यांची उत्तरेही वेगळी असू शकली असती. सार्वजनिक व्यासपीठावर त्यांचे ‘बहुराष्ट्रीय कंपनी’ या एकाच पात्रावरील आरोपपत्र झाले.

४. त्याच कंपनीची आधीची उत्तरे

आयबीएमला राजकीय आरोप नवे नव्हते. स्वदेशात आणि जपानमध्ये तिने याआधी दिलेली उत्तरे भारतातील उत्तराशी ताडून पाहण्याजोगी आहेत.

अमेरिकी शासनाने जानेवारी १९५२ मध्ये कंपनीवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. कंपनी आपली गणनयंत्रे विकत नसे, केवळ भाड्याने देत असे. त्यामुळे जुन्या यंत्रांचा बाजारच उभा राहत नाही आणि प्रतिस्पर्ध्याला शिरकाव मिळत नाही, हा तक्रारीचा गाभा होता. संस्थापक-पुरुष मानले गेलेले थॉमस वॉटसन यांनी हा खटला आपल्या आयुष्यभराच्या सचोटीवरील डाग मानला. त्यांचे चिरंजीव धाकटे थॉमस वॉटसन यांचे मत वेगळे होते. बाजारपेठेच्या एवढ्या मोठ्या हिश्श्याचा बचाव करत बसण्यापेक्षा तडजोड करून येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युगाकडे वळावे, असे त्यांना वाटत होते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मकथनात या पितापुत्र-संघर्षाचे चित्रण आहे. अखेर २५ जानेवारी १९५६ रोजी संमतीचा हुकूमनामा झाला : कंपनीने यंत्रे भाड्याप्रमाणेच विक्रीलाही उपलब्ध करावीत आणि सेवाकेंद्रांचा व्यवसाय वेगळ्या उपकंपनीकडे द्यावा, असे त्यात ठरले. थोरले वॉटसन त्याच वर्षी जूनमध्ये निवर्तले.

या प्रसंगाकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहता दोन उत्तरप्रकार दिसतात. पित्याचे उत्तर चारित्र्याचे आहे : आपण प्रामाणिक आहोत, म्हणून आरोप अन्याय्य आहे. पुत्राचे उत्तर व्यवहाराचे आहे : आरोप करणाऱ्याचा हेतू काहीही असो, भाड्याच्या पद्धतीने प्रतिस्पर्धी अडतात की नाही, एवढेच पाहावे. पहिल्या प्रकारात कंपनी स्वतःविषयी बोलते, दुसऱ्यात ती तक्रारीविषयी बोलते.

जपानमधील प्रसंग भारताच्या अधिक जवळचा आहे. तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार व उद्योग मंत्रालयाला परदेशी कंपनीच्या संपूर्ण मालकीविषयी तीव्र आक्षेप होता. देशी संगणक-उद्योग उभा करण्याची त्याची आकांक्षा होती. आयबीएमची मूलभूत पेटंटे हा त्या उद्योगाच्या वाटेतील अडसर होता. १९६० मध्ये झालेल्या समझोत्यात कंपनीने जपानी उत्पादकांना ती पेटंटे स्वामित्वशुल्क घेऊन वापरू दिली आणि त्या बदल्यात संपूर्ण मालकी राखून जपानमध्ये उत्पादन करण्याची मुभा मिळवली. येथे मागणी मालकीविषयी होती, तक्रार ज्ञानाच्या कोंडीविषयी होती. कंपनीने मागणी नाकारली आणि तक्रारीचे उत्तर दिले; मंत्रालयाने ते पुरेसे मानले. पुढील काळात जपानी कंपन्या आयबीएमच्या तुल्यबळ स्पर्धक झाल्या, हे या उत्तराचे मोल. ते कंपनीने मोजले आणि तरीही जपानची बाजारपेठ हातची जाऊ दिली नाही.

तिसरा प्रसंग १९६९ चा. १७ जानेवारी रोजी अमेरिकी शासनाने कंपनीवर दुसरा मोठा खटला भरला. त्याच वर्षी २३ जूनला कंपनीने जाहीर केले की, आज्ञावली आणि काही सेवा यांची किंमत यापुढे यंत्राच्या किमतीपासून वेगळी आकारली जाईल. या निर्णयामागे अनेक कारणे होती आणि खटल्याचा दबाव हे त्यांपैकी एक. परंतु त्यामुळे स्वतंत्र आज्ञावली-उद्योगाला जागा मिळाली. खटला स्वतः तेरा वर्षे रेंगाळला आणि ८ जानेवारी १९८२ रोजी शासनाने तो मागे घेतला. न्यायालयात कंपनी अखेरपर्यंत निर्दोषत्वाची भाषा बोलत राहिली. त्याच वेळी बाजारातील आपले वर्तन तिने बदलले.

५. चाळीस आणि शंभर

भारतात कंपनीसमोर आलेली मागणी फेराच्या एकोणतिसाव्या कलमातून आली होती. परकीय भागभांडवल सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांपर्यंत मर्यादित राहावे, असा या व्यवस्थेचा आशय होता. प्रगत तंत्रज्ञान आणि निर्यात यांच्या निकषांवर अधिक प्रमाणाची तरतूदही तीत होती. आयबीएम शंभर टक्के मालकीवर ठाम राहिली.

कंपनीच्या भूमिकेमागे तर्क होता, हे न्यायबुद्धीने मान्य करावे लागते. संशोधन एका देशात, सुटे भाग दुसऱ्यात आणि जुळणी तिसऱ्यात अशी तिची रचना होती. कोणत्या देशात काय बनवायचे याचा निर्णय स्थानिक भागीदाराच्या हिताशी बांधला गेला, तर ही रचना विस्कळीत होईल, अशी तिची धारणा होती. भारताला सवलत दिली तर इतर देशही तीच मागतील, हे भयही निराधार नव्हते. त्यामुळे कंपनीने व्यवसायाचा काही भाग वेगळा काढून त्यात भारतीय सहभाग घेण्याची, उरलेल्या भागावर संपूर्ण मालकी ठेवण्याची आणि निर्यात वाढवण्याची तयारी दाखवली. शासनाने ती स्वीकारली नाही. नोव्हेंबर १९७७ मध्ये कंपनीने माघारीचा निर्णय जाहीर केला आणि पुढील वर्षी ती गेली.

या वाटाघाटींचा आशय जपानच्या समझोत्याशेजारी ठेवला असता फरक स्पष्ट होतो. भारतात देऊ केलेल्या गोष्टी मालकीच्या मागणीभोवती आखलेल्या होत्या. निर्यातवाढीने परकीय चलनाची चिंता काही अंशी कमी झाली असती. परंतु भाड्याचा आधार खुला करणे, चालू पिढीची यंत्रे आणणे किंवा घडवण्याचे ज्ञान भारतीय संस्थांना मिळेल अशी व्यवस्था करणे यांपैकी काही त्या प्रस्तावाच्या केंद्रस्थानी नव्हते. जपानमध्ये ‘मालकी देणार नाही’ या वाक्याला ‘पण हे घ्या’ अशी जोड होती आणि देऊ केलेली वस्तू समोरच्याला खरोखर हवी होती. भारतात ते वाक्य बव्हंशी एकटेच उभे राहिले.

दोष एका बाजूचाच नव्हता. शासनाने तीन वेगळ्या तक्रारींचे रूपांतर एका टक्केवारीत केले, कारण कायद्याने त्याच्या हाती टक्केवारी हेच साधन दिले होते. चाळीस टक्के मालकीच्या कंपनीनेही जुनी यंत्रे चढ्या भाड्याने दिली असती तर लोकलेखा समितीचा आक्षेप तसाच राहिला असता. कामगारांच्या भयाला तर मालकीच्या प्रमाणाचा काहीच उतारा नव्हता. जपानी मंत्रालयाच्या हाती परवानगीचे साधन होते आणि त्याच्या बदल्यात नेमके काय मागायचे हे त्याने ठरवले होते. भारतीय शासनाची सौदाशक्तीही तुलनेने कमी होती, कारण १९६० च्या जपानची बाजारपेठ आणि १९७७ च्या भारताची बाजारपेठ यांत कंपनीच्या दृष्टीने मोठे अंतर होते. लहान बाजारपेठेतून निघून जाणे कंपनीला परवडणारे होते. तत्त्वनिष्ठेची किंमत जेथे कमी असते तेथे ती अधिक कडक होते, ही गोष्ट या तुलनेतून नजरेआड करता येत नाही.

६. त्याच कायद्याला इतरांची उत्तरे

आयबीएमची निवड अपरिहार्य होती का, हे तपासण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. इंटरनॅशनल कॉम्प्युटर्स लिमिटेड, म्हणजे आयसीएल, ही ब्रिटिश कंपनी त्याच काळात, त्याच कायद्याखाली भारतात होती. तिच्याशी संबंधित उत्पादन-कंपनी पुण्यात १९६३ पासून कार्यरत होती. आयसीएलने परकीय भागभांडवलाची मर्यादा मान्य केली आणि आयसीआयएम या नावाने तिचा भारतीय संसार चालू राहिला. मालकांचे अनेक बदल पचवत हीच संस्था २००० मध्ये ‘झेन्सार’ झाली. अमेरिकी बरोज कंपनीने टाटा समूहाशी भागीदारीची वाट धरली आणि मुंबईच्या निर्यात-क्षेत्रातून आज्ञावली-निर्यातीचा आरंभीचा प्रवाह तिच्यातून वाहिला.

या दोन कंपन्यांचे उत्तर नैतिक दृष्ट्या श्रेष्ठ होते, असे म्हणता येणार नाही. आयबीएमपुढे दुय्यम असलेल्या कंपनीला प्रतिस्पर्ध्याने रिकामी केलेली जागा आकर्षक वाटणे स्वाभाविक आहे. मालकीची अट पाळल्याने ज्ञानहस्तांतराची तक्रारही आपोआप मिटली नाही. तथापि राहिल्यामुळे तक्रारीचे उत्तर पुढे केव्हातरी देण्याची शक्यता शिल्लक राहिली. निघून जाणाऱ्याचे उत्तर तेथेच संपते.

कोका-कोलाचे प्रकरण लोककथेत आयबीएमशी जोडले गेले असले तरी ते जातीने भिन्न आहे. तेथे वाद पेयाच्या गुप्त सूत्रापर्यंत पोचला. पेयाची जागा बाजारात दुसरे पेय लगेच घेते. मॉडर्न फूड इंडस्ट्रीजचे ‘७७’ आणि पार्लेचे ‘थम्स अप’ ही त्याची साक्ष आहेत. संगणकाची जागा अशी भरत नाही, कारण रेल्वेचा हिशेब आणि कारखान्याची वेतनपत्रके त्याच्यात गुंतलेली असतात. येथे सार्वजनिक क्षेत्रातील कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने, म्हणजे १९७५ मध्ये नोंदणी झालेल्या सीएमसीने, १९७८ पासून आयबीएमच्या यंत्रांची देखभाल हाती घेतली. कंपनीतून बाहेर पडलेले अभियंते या आणि इतर संस्थांत विखुरले. ज्या ज्ञानाचे हस्तांतर होत नाही अशी तक्रार होती, त्यातील एक हिस्सा असा माणसांच्या रूपाने, कंपनी गेल्यावर, हस्तांतरित झाला.

१९९२ मध्ये आयबीएम भारतात परतली ती टाटांबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत. पन्नास हा आकडा चाळीस आणि शंभर यांच्या दरम्यानचा आहे. १९९९ मध्ये तिने टाटांचा हिस्सा विकत घेऊन पुन्हा संपूर्ण मालकी मिळवली, तेव्हा त्यावर संसदेत वा रस्त्यावर वादळ उठले नाही. मधल्या काळात भारतात देशी संगणक-उद्योग आणि त्याहून बलवान आज्ञावली-उद्योग उभा राहिला होता; १४०१ ची तक्रार इतिहासजमा झाली होती. तक्रार विरली की टक्केवारीचा आवेशही ओसरतो, हे त्यातून दिसते.

७. तुलनेची मर्यादा आणि निष्कर्ष

या वाचनातून मोठ्या कंपन्यांसाठी एखादे सरळ सूत्र काढण्याचा मोह होतो : तक्रार ऐकावी, जुळवून घ्यावे. परंतु आजच्या संघर्षांना ते जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे आहे. १९७७ मधील आरोप कंपनीच्या स्वतःच्या वर्तनाविषयी होता. एकविसाव्या शतकातील अनेक वादांत कंपनीवरील दबावाचा रोख प्रत्यक्षात तिसऱ्या व्यक्तीकडे, म्हणजे लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या नागरिकाकडे, असतो. मे २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याच्या नियमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. ट्विटरने मजकूर आणि खाती रोखण्याच्या आदेशांना दिलेले आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी ५० लाख रुपयांचा भुर्दंड लावून फेटाळले. त्याच कंपनीची, आता एक्स या नावाने, ‘सहयोग’ या शासकीय व्यवस्थेविरुद्धची याचिका त्याच न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

अशा प्रसंगी कंपनीने जुळवून घेणे म्हणजे दुसऱ्याच्या वतीने दुसऱ्याचा हक्क सोडणे होय. आयबीएमने भाडे कमी केले असते तर तो तिचा स्वतःचा पैसा होता. एखाद्या व्यासपीठाने नागरिकाचे लेखन मुकाट्याने काढून टाकले तर ते त्याचे स्वतःचे नसते. म्हणून तक्रार आणि मागणी या भेदाला येथे आणखी एक प्रश्न जोडावा लागतो : तक्रार कोणाच्या वर्तनाविषयी आहे आणि मागणी मान्य केल्यास किंमत कोण मोजणार? किंमत कंपनीने मोजायची असेल तर हिशेब खुला करणे हेच उत्तम उत्तर. ती वापरकर्त्याने मोजायची असेल तर कंपनीने आदेशाची कारणे लेखी मागावीत, ती संबंधित व्यक्तीला कळवावीत आणि न्यायालयात हरण्याची तयारी ठेवूनही तेथे जावे. या दोन प्रसंगांतील गल्लत बहुधा कंपन्यांच्या सोयीची असते. करचुकवेगिरीच्या वा मक्तेदारीच्या आरोपाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या भाषेत उत्तर देणे, आणि वापरकर्त्याच्या मुस्कटदाबीच्या वेळी स्थानिक कायद्याच्या पालनाची भाषा बोलणे, हे त्या गल्लतीचे दोन नेहमीचे आविष्कार होत.

आयबीएम-प्रकरणातील तिन्ही भूमींवरची उत्तरे एकत्र वाचता असे दिसते की, टिकलेली उत्तरे प्रतिमेची नव्हती. १९५६ मधील विक्रीची सक्ती, १९६० मधील पेटंटांचे दान-आदान आणि १९६९ मधील किमतींची फोड यांचे पालन झाले की नाही, हे कंपनीबाहेरच्या माणसाला तपासता येत होते. भारतात कंपनीने सांगितलेले तत्त्व प्रामाणिक होते, परंतु ते तपासण्यासारखे काही नव्हते. ते केवळ मानायचे किंवा नाकारायचे होते. शासनानेही तपासता येईल असा प्रश्न सोडून मोजता येईल असा आकडा हाती धरला. लोकलेखा समितीने विचारलेला साधा प्रश्न, म्हणजे एवढ्या जुन्या यंत्राचे भाडे कोणत्या हिशेबाने, हा या सगळ्या गदारोळात मागे पडला. दादाभाईंच्या आणि देऊसकरांच्या परंपरेने परकीय कंपनीला विचारायला शिकवलेला प्रश्न नेमका तोच होता.